दोघांचं नवं बिऱ्हाड: स्वयंपाकघरात आधी काय घ्यावं, काय नको?

ठाणेकर_नवीन

पुढच्या महिन्यात ठाण्यात भाड्याच्या वन बीएचकेत राहायला जातोय. आम्ही दोघं, दोघांनाही नोकरी. ओटा जेमतेम सहा फुटी, शेगडी दोन बर्नरची, ओट्यावर १६ अँपिअरचा एक पॉइंट आणि शेजारी दोन साधे. स्वयंपाक असा: सकाळी पोळी-भाजीचे दोन डबे, रात्री वरण-भात किंवा खिचडी, आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी, रविवारी आंबोळ्या नाहीतर घावनं. पोह्यांपासून साबुदाण्यापर्यंत सगळ्याला दाण्याचा कूट लागतो.

बजेट १५ हजार. भांड्यांच्या दुकानात ५१ नगांचा स्टीलचा सेट गळ्यात मारत होते. ऑनलाइन बघितलं तर एअर फ्रायर, दोरीचा चॉपर, इलेक्ट्रिक राइस कुकर, सगळंच 'मस्ट हॅव'. नेमकं काय घेऊ? कुकर तीन लिटरचा की पाचचा? मिक्सर ५०० वॉटचा पुरेल की ७५० चा? तवा नॉनस्टिक की लोखंडी?

जाड_बूड

५१ नगांचा सेट आधी रद्द करा. त्यात वाट्या, पेले, चमचे मोजून नग वाढवलेले असतात आणि पातेली एकजात पातळ पत्र्याची असतात. स्टील उष्णता फार हळू पसरवतं, ॲल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्वाळेच्या वर बरोबर गोल वळं तापतं आणि तिथेच दूध लागतं, रवा करपतो, बाकीचं बूड कोमटच राहतं. ढवळणाऱ्याचा दोष नसतो, पत्र्याचा असतो.

दोन जणांना रोजची भांडी एवढी पुरतात: दोन लिटरचं जाड बुडाचं पातेलं (दूध, आमटी), एक लिटरचं चहाचं, २४ सेंटीमीटरची कढई झाकणासकट, एक परात, एक कुकर, तवा आणि फोडणीचं कढलं. परात ३० सेंटीमीटरच्या खाली घेऊ नका, कणीक मळताना पीठ ओट्यावर सांडतं.

'जाड बूड' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकतात, त्यातला फरक बघून घ्या. एकात फक्त तळाला ॲल्युमिनियमची चकती दाबून बसवलेली असते, भिंती पातळच. दुसरं ट्रायप्लाय: स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, पुन्हा स्टील, असं तळापासून काठापर्यंत. पहिल्या प्रकारात ज्वाळा बुडाबाहेर आली की चकती संपते त्या रेषेवर भाजी करपते, कारण तिथून वर पातळ पत्रा उघडा पडतो. पातेल्यात दूध तापवायला चकतीवालं चालेल. कढई मात्र ट्रायप्लाय घ्या, साधारण अडीच मिलिमीटर जाडीची. ऐपत एकाच भारी भांड्याची असेल तर ते भांडं कढई असू द्या. पोहे, उपमा, परतलेली भाजी, उसळ, शिरा सगळं तिच्यात होतं.

कुकर. तुम्ही वरण-भात डब्यांत लावणार असाल तर पाच लिटर. तीन लिटरच्या नेहमीच्या उंच कुकरमध्ये दोन डबे कसेबसे बसतात, त्यावर बटाटे ठेवले की वरचा डबा झाकणाला टेकतो आणि वाफेची नळी डाळीच्या फेसाने बंद होते. पाचात डाळ खाली, भात वर आणि कडेला दोन बटाटे आरामात राहतात. दोघांची खिचडीही पाचात होते, पण तीनमध्ये डबे नीट बसत नाहीत.

आतल्या झाकणाचा (हॉकिन्ससारखा) की बाहेरच्या झाकणाचा (प्रेस्टिजसारखा)? आतलं झाकण दाब असेपर्यंत उघडतच नाही, कारण वाफ त्याला आतून वर दाबून धरते. पण तोंड पोटापेक्षा लहान असतं, त्यामुळे डबे त्याच्या मापाचे लागतात. बाहेरच्या झाकणाच्या कुकरचं तोंड पूर्ण रुंद, डबे सरळ उतरतात. रोज डबे लावायचे असतील तर बाहेरचं सोयीचं. कुठलाही घ्या, खाली आयएसआय मार्क आणि आयएस २३४७ हा आकडा बघून घ्या. घरगुती कुकरला तो सक्तीचा आहे.

विळीवाली

सुरी एकच, पण चांगली: पातं १८ ते २० सेंटीमीटर, आणि एक छोटी सोलायला. सहा सुऱ्यांचा लाकडी ठोकळा म्हणजे एक सुरी आणि पाच शोभेच्या. पाट लाकडी किंवा जाड प्लास्टिकचा. काचेचा पाट दिसायला छान, पण त्यावर कुठलीही धार आठवडाभरात जाते.

धार लावायला महागडं यंत्र नको. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचं माप) पाणदगड घ्या, दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पातं दगडाशी १५ ते २० अंशांत धरा (पात्याची पाठ दगडापासून साधारण एका बोटाच्या जाडीएवढी उचललेली), आणि टाचेपासून टोकापर्यंत एका बाजूने सरकवत न्या. दुसऱ्या बाजूच्या कडेला बोट हलकेच आडवं फिरवलं की बारीक कंगोरा लागतो. तो पूर्ण लांबीभर लागला की बाजू बदला. कंगोरा यायच्या आधीच बाजू बदलत राहिलात तर तासभर घासूनही टोमॅटोची साल कापली जाणार नाही. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची खरखरीत, चकाकी नसलेली कडा वेळ मारून नेते.

आणि विळी. ओल्या खोबऱ्याशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांनी घडीची विळी-खवणी घ्यावीच. मिक्सरमध्ये फिरवलेल्या खोबऱ्याला तुकड्यांचा खरखरीतपणा राहतो, खवलेल्याचा हलकेपणा येत नाही. सोलकढीला चालेल, आंबोळीबरोबरच्या चटणीलाही चालेल, पण पोह्यांवर भुरभुरायला आणि करंजीला नाही. घेताना विळी उघडून पातं डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. खिळ्याशी हललं तर घेऊ नका. नारळाला जोर लावताना तेच घसरतं.

दोरीचा चॉपर घेतलात तर कोशिंबिरीपुरता ठेवा. कांदा त्यात चिरला जात नाही, ठेचला जातो, पाणी सुटतं आणि तो परतण्याऐवजी शिजतो. भांडं निम्म्यावर भरलं की वरचे तुकडे तसेच, खालचा लगदा. दोरी तुटली की दुरुस्ती नाही.

कपलर_बदलून_मिळेल

मिक्सरबद्दल. वॉटच्या आकड्याआधी त्यात काय वाटणार ते बघा. चटणी, वाटण, कूट, मसाला एवढंच असेल तर ५०० वॉट पुरेसे. आंबोळीचं किंवा इडलीचं पीठ दर आठवड्याला वाटायचं असेल तर ७५० घ्या. कारण भिजलेल्या तांदळाचं घट्ट पीठ पात्याला सतत अडवतं. मोटर कमी पडली की वेग घटतो, करंट वाढतो आणि वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं. तुमच्या रविवारच्या आंबोळ्यांसाठी ७५०. वेट ग्राइंडर दोघांना मुळीच नको, तो ओट्याचा दीड फूट खातो.

पिठासाठी: तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी, पाच-सहा तास भिजवून. मोठं भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, तीन घाण्यांत वाटा, पाणी गार घ्या. एका दमात वाटलं तर पीठ हाताला गरम लागतं, आणि उन्हाळ्यात असं गरम पीठ वेळेआधीच आंबून आंबटढाण होतं. दोन मिनिटं चालवा, मिनिटभर थांबा.

कूट हा बहुतेकांचा घोळ. दाणे भाजून पूर्ण गार झाले पाहिजेत, आतून कोमट असले तरी तेल सुटतं. सालं पाखडून घ्या, मधलं भांडं एक तृतीयांशापर्यंत भरा आणि बटण सरळ वेगावर न नेता उलट्या बाजूला फिरवून सोडा: एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. आठ-दहा झटक्यांनंतर भांडं उचलून एकदा हलवा, तळाला बसलेलं वर येऊ द्या, पुन्हा चार-पाच झटके. सलग पाच सेकंद फिरवलं की खाली तेलाचा गोळा आणि वर अख्खे दाणे. मग तो कूट खिचडीत मोकळा होत नाही, डाग डाग राहतात. सुक्या खोबऱ्याचंही तेच.

मिक्सर मध्येच बंद पडला तर लगेच दुकान गाठू नका. यंत्र उलटं करून तळाला लाल बटण दिसेल, ते ओव्हरलोड स्विच. प्लग काढा, भांड्यातलं थोडं कमी करा, दहा मिनिटं थांबा, बटण आत दाबा. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, असं असेल तर कपलरचे (भांडं मोटरला जोडणाऱ्या दातेरी चकतीचे) दात गेलेत. तो भाग मुद्दामच प्लास्टिकचा किंवा रबराचा असतो, म्हणजे पातं अडकल्यावर तो तुटतो आणि मोटरचा शाफ्ट वाचतो. स्वस्तात बदलून मिळतो. भांड्याच्या तळातून काळपट पाणी गळायला लागलं तर पात्याचा दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजलंय. ते वाटण खाऊ नका, बुश बदलून घ्या. म्हणूनच ज्याचे सुटे भाग तुमच्या घराजवळच्या दुकानात मिळतात तोच मिक्सर घ्या, वॉट आणि रंग नंतर.

गरम टोमॅटो सूप झाकण लावून फिरवू नका. वाफ एकदम सुटते आणि झाकण उडतं. कोमट होऊ द्या.

बिडाचा_तवा

तवे दोन घ्या, आणि त्यातला एकही नॉनस्टिक नको.

पोळी-भाकरीला पत्र्याचा लोखंडी तवा, २५-२६ सेंटीमीटर, मध्ये किंचित खोलगट, उचलून जड वाटेल असा. भाकरीला तवा चांगला तापलेला लागतो आणि वरून पाण्याचा हात फिरवावा लागतो. नॉनस्टिकवर हे करायचं म्हणजे लेप मोठ्या आचेवर ठेवायचा. तो साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथवर पोचतो. त्यावर वर्षभर भाकरी केली तर पापुद्रे निघणारच.

घावन-आंबोळीला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड जाड असल्याने उष्णता धरून ठेवतं, पीठ ओतल्यावर तवा एकदम गार पडत नाही, म्हणून जाळी पडते. पण बिडाच्या तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, तडकतो. म्हणून भाकरी त्याच्यावर नको.

बिडाचा नवा तवा असा तयार करा. एकदाच साबणाने खसखसून घासा, कारखान्यातलं गंजरोधक तेल निघालं पाहिजे. लगेच गॅसवर कोरडा करा. अर्धा चमचा शेंगदाणा तेल सगळीकडे चोळा आणि मग कोरड्या फडक्याने असं पुसा की तेल लावलंच नाही असं वाटावं. मध्यम आचेवर धूर येईपर्यंत तापवा, धूर थांबला की बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. हे चार वेळा. तेल जास्त राहिलं तर तव्यावर चिकट पिवळट डाग धरतात आणि घावन नेमकं तिथेच चिकटतं. तसं झालं तर खरखरीत घासणीने ते डाग काढून पुन्हा पातळ हात द्या. पहिली दोन-तीन घावनं बिघडणार, ती चहाबरोबर खपवा. नंतर दर वेळी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवला की पुरतं.

धुताना साबण कमी, भिजत ठेवणं अजिबात नाही, पुसून गॅसवर अर्धा मिनिट कोरडा करून ठेवा. टोमॅटो ऑम्लेट, चिंच-कोकम असलं काही त्यावर नको, आंबटाने तयार झालेला थर उतरतो.

पोळपाट घेताना ओट्यावर ठेवून काठावर चारी बाजूंनी दाबून बघा. तीन पायांचा डुगडुगत नाही, चार पायांचा बऱ्याचदा डुगडुगतो. आणि सांडशी! लोक ती शेवटी घेतात, तीही हलकीफुलकी. दुकानातलंच एक काठ नसलेलं पातेलं पाण्याने निम्मं भरून मागा आणि त्या सांडशीने उचलून बघा. तोंड एका बाजूला फिरलं तर परत ठेवा. गरम आमटीचं पातेलं याच जागी निसटतं.

ठाणेकर_नवीन

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. तीन शंका राहिल्या. कुकर स्टीलचा घेऊ की ॲल्युमिनियमचा? ॲल्युमिनियम वाईट म्हणतात. दुसरं, सिलिंडर संपला तर म्हणून इंडक्शन घेऊन ठेवू का? तिसरं, बायकोला एअर फ्रायर हवाय, तळलेलं कमी खायचं म्हणून.

जाड_बूड

कुकर डब्यांसाठीच वापरणार असाल तर अन्न स्टीलच्या डब्यांत असतं, ॲल्युमिनियमला फक्त पाणी लागतं. मग त्याचा प्रश्न उरतो कुठे? ॲल्युमिनियम हलकं, लवकर तापतं, स्वस्त. आतून काळा पडतो तो पाण्यातल्या क्षारांनी. खालच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटुक टाका, काळा पडत नाही. थेट कुकरात टोमॅटोचा पुलाव, चिंचगुळाची आमटी करणार असाल तर मात्र स्टील किंवा हार्ड ॲनोडाइज्ड (वर कडक थर चढवलेलं ॲल्युमिनियम) घ्या, आंबट पदार्थ साध्या ॲल्युमिनियमला लागू देऊ नये. स्टीलच्या कुकरचं बूड चकतीवालं असेल तर पुलाव कडेला लागतो, ते वर सांगितलंच.

डबे लावायची रीत, कारण नवीन माणसांचं इथे चुकतं: तळाला जाळी, त्यावर दोन पेले पाणी. पाणी कमी पडलं तर आतलं पाणी आटून सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो, तो त्याचसाठी असतो. एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवून, अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब. तेलाने फेस मरतो. डबा निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. तांदूळ एक वाटी, पाणी दोन. शिट्ट्या मोजण्यापेक्षा वेळ मोजा: पहिली शिट्टी झाली की आच मंद करून दहा-बारा मिनिटं. शिट्टी किती वेळाने होते ते आचेवर आणि वजनावर ठरतं, म्हणून 'तीन शिट्ट्या' हे माप एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही. दाब आपोआप उतरू द्या, शिट्टी उचकटून वाफ काढली तर डाळीचा फेस वर येतो.

शिट्टी होत नाही आणि वाफ कडेने निघते, तर रबर रिंग कडक झाली आहे. ऐन वेळी गार पाण्यात पाच मिनिटं बुडवून भागतं, पण लगोलग नवी आणा, त्याच कंपनीची आणि त्याच लिटरची. सेफ्टी व्हॉल्व्हही कंपनीचाच. कुकर लावायच्या आधी झाकण उजेडासमोर धरून नळीतून आरपार दिसतं का ते बघायची सवय लावा.

कपलर_बदलून_मिळेल

इंडक्शन घ्यायला हरकत नाही, पण घाई नको. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपिअर, म्हणजे तो तुमच्या एकुलत्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरच जाईल. साध्या पॉइंटला ॲडॉप्टर लावून चालवलात तर आधी प्लग तपकिरी होतो, मग वितळतो. मिक्सर ७५० वॉटचा, तो साध्यावर चालतो. आणि तुमचा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालणार नाही. खाली लोहचुंबक चिकटला पाहिजे आणि बूड सपाट पाहिजे. म्हणजे इंडक्शन घेतलं की स्टीलचा कुकर आला, आणि हिशोब पुन्हा मांडा. नुसत्या सिलिंडरच्या भीतीने घेत असाल तर दुसरा सिलिंडर स्वस्त पडेल.

भाड्याच्या घरात शेगडी आधीपासून असेल तर गॅसच्या नारिंगी नळीवरची तारीख बघा. सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायची असते. घरमालकाची किती जुनी आहे कोण जाणे.

विळीवाली

एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. कोरडं किंवा आधीच तेलाचा हात लावलेलं काही असेल तर छान: रताळ्याच्या काचऱ्या, पनीर, पापड, मासे रव्यात घोळवून, उरलेले समोसे परत कुरकुरीत करायला. पातळ बेसनात बुडवलेलं काहीही त्यात जमत नाही. बटाटवडा, कांदाभजी यांचं पीठ गरम तेलात पडताक्षणी वरून बांधलं जातं. इथे ते गरम हवेत बांधलं जाईपर्यंत जाळीतून ठिबकतं आणि खालच्या ट्रेमध्ये त्याची पोळी होते. वहिनींना वडे डोळ्यांसमोर असतील तर आधीच सांगा. वड्यांसाठी आप्पेपात्र घ्या, प्रत्येक खळगीत अर्धा चमचा तेल, झाकण, मंद आच, उलटून पुन्हा चार मिनिटं. तळलेल्याची चव नाही, पण वडा वड्यासारखा दिसतो आणि आप्पेही होतात.

दोघांनाच असेल तर चार लिटरचा बास. पण त्यातली जाळी खच्चून भरली की खालचं मऊच राहतं, हे आधीच धरून चाला. १५ हजारांत तो बसवू नका. आधी बाकीचं घ्या, मग बघा.

बिडाचा_तवा

राइस कुकर कुणीच बोललं नाही. तुमच्याकडे भात डब्यात लागतोच, मग वेगळं यंत्र कशाला? रोज फक्त भातच हवा असेल किंवा शेगडीच नसेल, तर घ्यावं.

वजनकाटाही रोजच्या वरण-भाताला नको, वाटी पुरते. केक, ब्रेड, चकलीची भाजणी करणार असाल तर एक ग्रॅमच्या फरकाचा, पाच किलोपर्यंतचा घ्या. सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र वर्षातून दोन-चारदा निघतात. ती घरातल्या कुणाकडे असतील तर दिवाळीला, गणपतीला मागून आणा. पुरण तर पिठाच्या बारीक चाळणीवर वाटीने घासूनही निघतं, फक्त गरम असताना घासा, गार झालं की चाळणीत बसतं.

राहिलं मिसळणाचा डबा, गाळणी, किसणी, उलथनं, झारा, डाव, लायटर. यातलं उलथनं तेवढं जपून निवडा: पातळ, सरळ कडेचं, लोखंडी किंवा स्टीलचं. जाड कडेचं उलथनं घावनाखाली शिरत नाही, दुमडून फाडतं. दुकानात कड नखावर घासून बघा, नखावर रेघ उमटली पाहिजे.

ठाणेकर_नवीन

ठरलं. पाच लिटर ॲल्युमिनियम कुकर बाहेरच्या झाकणाचा, ट्रायप्लाय कढई, दोन तवे, ७५० चा मिक्सर, एक सुरी-पाट-दगड, घडीची विळी. एअर फ्रायर दिवाळीनंतर बघू. पत्र्याचा तवा तयार करायची रीत बिडासारखीच ना?

बिडाचा_तवा

तीच, पण दोन वेळा पुरे. पत्रा गुळगुळीत असतो आणि त्यावर कोरडी पोळी भाजायची असते. पहिल्या दिवशी भाकरीच करा, पोळी नको. भाकरीचं सुटलेलं कोरडं पीठ आणि पाण्याचा हात तव्यावरचा उरलासुरला वास काढून टाकतात. पहिल्या दोन भाकऱ्या काळपट होतील, त्या टाकून द्या.